राजसबाईंचा एक मायक्रॉन

राजसबाई सही करत नव्हत्या. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण त्या एका सहीवरून गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं ते अख्खं वर्कशॉप तीन दिवस नुसतं धुमसत होतं, आणि त्यात कत्तिरीचे दिवस! मे महिन्यातले ते तीनेक आठवडे चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, कावळासुद्धा सावली सोडत नाही. साल १९८७.

वर्कशॉप होतं प्रतापसिंह रावांचं. तिथे मायक्रोमीटर बनायचे. मायक्रोमीटर म्हणजे पोलादी कमान, तिच्या एका टोकाला फिरणारा स्क्रू. मधे वस्तू धरायची, स्क्रू फिरवायचा, आणि वस्तू किती जाड ते वाचायचं. आणि वाचायचं कशात? मायक्रॉनमध्ये. मिलिमीटरचे हजार तुकडे केले की त्यातला एक तुकडा मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा एक केस सत्तर मायक्रॉनचा असतो म्हणे, म्हणजे बघा!

बनलेला प्रत्येक मायक्रोमीटर आतल्या छोट्या एसी खोलीत राजसबाईंच्या टेबलावर यायचा. त्या तपासायच्या, किती चुकतो ते लिहायच्या, सर्टिफिकेटवर सही करायच्या. आर. बाई. अक्षर अगदी बारीक, मुंगीच्या पायासारखं. सतरा वर्षं हेच. तंजावरहून पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन आल्या तेव्हा पहिले सहा महिने त्यांना पॅकिंगमध्ये बसवलेलं, कारण बाईमाणूस मशिनजवळ नको. त्या पॅकिंगमध्ये बसून त्यांनी खोक्यात जाणारा प्रत्येक तुकडा परत मोजला, आणि एक दिवस चौदा चुकीचे तुकडे रावांच्या वडिलांच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवले. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात. तेव्हापासून ती किल्ली आणि ती सही, दोन्ही त्यांच्याकडेच.

तर आता काय झालं होतं? अंबत्तूरची एक कंप्रेसरची कंपनी. तिथे खरेदीला राजगोपाल राव. हेही प्रतापसिंह रावांसारखे आपलेच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरला राहिलेले मराठी, पण बोलायचे इंग्रजी. फक्त रागावले की मराठी बाहेर यायचं. त्यांनी मागच्या वर्षी बारा मायक्रोमीटर नेले होते. आता त्यांना साठ हवे होते. एवढी मोठी ऑर्डर प्रतापसिंह रावांनी जन्मात पाहिली नव्हती! पण ऑर्डरीत एक ओळ होती. मायक्रोमीटर एक मायक्रॉनच्या वर चुकता कामा नये. आणि खाली आणखी एक ओळ, ती तर राजसबाईंच्या काळजालाच लागली. मागचे बारा खोटं मोजतात, आमचे शाफ्ट, म्हणजे कंप्रेसरचे फिरते दांडे, त्यांच्यामुळे रद्द होताहेत, त्यामुळे या वेळी अचूकता पाचपट पाहिजे.

खोटं मोजतात. त्या बाराही सर्टिफिकेटांवर कुणाची सही होती? आर. बाई.

"राजसक्का, सही करून सोड ना मा," प्रतापसिंह राव सोमवारी म्हणाले. सर्टिफिकेट टाइप करून तयार होतं, चूक एक मायक्रॉनच्या आत, खाली सहीची जागा मोकळी.

"कशावर करू राव? आपला मायक्रोमीटर तीन चुकतो, कधी चार. पाच लिहा, आत्ता करत्ये."

"त्याला एक पाहिजे."

"त्याला चंद्र पाहिजे असला तर टाइप करून द्याल?"

रावांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! अगं, त्या मायक्रोमीटरवर एक मायक्रॉनच्या रेषा आहेत की नाही? त्यानं रेषा बघितली, रेषेएवढं मागितलं. त्याचं काय चुकलं?"

"तुमच्या मनगटावरच्या घड्याळात सेकंदाचा काटा आहे, राव. म्हणून ते सेकंदाला बरोबर चालतं काय? रोज सकाळी रेडिओ ऐकून पाच मिनिटं मागे करता, मी बघत्ये ना."

राव हसले नाहीत. हेच वाईट लक्षण होतं. ते हळू म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघतो. नाहीतर जनकोजी करेल सही. आणि मग अक्का, ती आतली खोलीही जनकोजीच बघेल. तू पॅकिंगला बस."

जनकोजी म्हणजे रावांचा भाचा. त्याला मायक्रोमीटर कुठल्या हाताने धरतात ते सांगावं लागायचं!

 राजसबाईंनी ते सर्टिफिकेट उचललं, घडी न घालता पिशवीत ठेवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या.  सतरा वर्षं! आणि परत पॅकिंग! पण खरं सांगायचं तर पॅकिंगपेक्षा ती दुसरी ओळ जास्त जळत होती. खोटं मोजतात. माझे बारा? मी प्रत्येकाला तीन-तीन वेळा बघितलेत, खोटं कसं मोजतील? त्या दिवशी त्यांनी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि बाराही मायक्रोमीटरांची पानं वाचली. तीन, चार, तीन, दोन, चार. पाचच्या वर एकही नाही. म्हणजे मायक्रोमीटर पाचच्या आत चुकतो, आणि तिकडे, ऑर्डरीत लिहिल्याप्रमाणे, शाफ्ट रद्द होताहेत पंधरा-वीस मायक्रॉननी. मग उरलेले कुठून आले? त्यांना काय पाय फुटले?

घरी मैलापूरला नवऱ्याने, वादिराजांनी, विचारलं, "आज भातात मीठ दोनदा पडलंय, काय झालं?"

"उद्या मी अंबत्तूरला जात्ये."

"रावांनी पाठवलं?"

"नाही."

वादिराज शाळामास्तर.  सकाळी त्यांनी स्वतः उठून दहीभाताचा डबा भरला, वर दोन वडुमांगा, म्हणजे लोणच्यातल्या बाळकैऱ्या, ठेवल्या, आणि म्हणाले, "भांडायला रिकाम्या पोटी जाऊ नये."

मंगळवारी नऊ वाजता राजसबाई कंपनीच्या गेटवर उभ्या. दोन बस बदलून आलेल्या, साडी पाठीला चिकटलेली, पिशवीत एक नवाकोरा मायक्रोमीटर, मायक्रोमीटर तपासायच्या अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांची पेटी, दहीभात, आणि ते सर्टिफिकेट.

गेटवरून नाव आत गेलं, तसे राजगोपाल राव बाहेर आले. गोरे, उंच, शर्टाच्या खिशात तीन पेनं. इंग्रजीत म्हणाले, सही आणली असेल तर रिसेप्शनला देऊन जा.

राजसबाई मराठीत म्हणाल्या, "सही नाही आणली. तुमचा शाफ्ट बघायला आल्ये."

"त्याची गरज नाही." हेही इंग्रजीत.

"मागचे बारा खोटं मोजतात असं तुम्ही लिहिलंत. त्यावर माझं नाव आहे. एक दिवस द्या मला. खोटे निघाले तर बाराही मी परत घेऊन जाते, आणि या कागदावर तुम्ही म्हणाल तिथे सही करते."

एक दिवस! तोंडातून निघून गेलं. खोटे निघाले तर? पण शब्द गेला तो गेला.

राजगोपालांनी घड्याळ बघितलं. खांदे उडवले. "या."

तपासणीची खोली दाखवताना मात्र माणूस एकदम बदलला. खोली नवी होती. काचेची. दोन एसी, जाड पडदे, मधे काळ्याभोर ग्रॅनाइटचा गुळगुळीत ओटा, भिंतीवर थर्मामीटर. बरोबर वीस डिग्री. शाफ्ट रद्द व्हायला लागले तेव्हा राजगोपालांनीच वरच्या साहेबांच्या मागे लागून ही खोली बांधून घेतली होती, परदेशात म्हणे वीस डिग्रीलाच मोजतात. बोलताना त्यांचा हात त्या ओट्यावरून असा फिरत होता, जसा कुणी पोराच्या पाठीवरून फिरवावा.

"आणि एवढं करूनही रद्द होताहेत. उलट वाढले! मग दोष कुणाचा राहिला? मायक्रोमीटरचा!"

उलट वाढले. राजसबाईंच्या डोक्यात काहीतरी खट्कन वाजलं.  त्यांनी पिशवीतला मायक्रोमीटर काढून ओट्यावर ठेवला, शेजारी ठोकळ्यांची पेटी.

"बसू दे त्याला तासभर. बाहेरून तापून आलाय."

तेवढ्यात दार उघडलं आणि ट्रॉली ढकलत एक माणूस आत आला. काळा, बुटका, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो सुब्बा. तिथला सगळ्यात जुना तपासणीवाला, तमिळ माणूस, पण मराठी मुकादमाच्या हाताखाली वीस वर्षं काढल्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलायचा. ट्रॉलीवर ग्राइंडिंगवरून आत्ता उतरलेले शाफ्ट, नव्वद मिलिमीटर जाडीचे, चकचकीत. त्याने पहिला उचलून ओट्यावर ठेवला, मायक्रोमीटर लावला, वाचलं, मान हलवली आणि खडूने शाफ्टवर फुली मारली.

"परत ग्राइंडिंग. जास्त आहे."

"थांबा," राजसबाई म्हणाल्या. पुढे झाल्या आणि शाफ्टवर तळहात ठेवला. गरम! ताटातल्या इडलीसारखा कोमट-गरम. "सुब्बा, हा कुठून आला?"

"मशिनवरून, अम्मा. सरळ."

"रोज असंच?"

"रोज. मशिन, ट्रॉली, इकडे. साहेब बोलले वेळ घालवायचा नाही."

बस्स! राजसबाईंना हसू आलं आणि रडूही. एवढंच होतं? एवढ्याचसाठी माझे बारा मायक्रोमीटर खोटे ठरले? त्यांना वाटलं तिथल्या तिथे ओरडावं. पण ओरडून कुणाला पटलंय? त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"राजगोपाल राव, नव्वद मिलिमीटरचं पोलाद एक डिग्री तापलं की एक मायक्रॉन फुगतं. बाहेर किती आहे?"

"चाळीस," सुब्बा म्हणाला.

"इथे वीस. मायक्रोमीटर थंड, शाफ्ट गरम. ही खोली नव्हती तेव्हा दोघंही तापलेले असायचे, फरक कमी पडायचा. वीस मायक्रॉन इथेच आले. त्यात माझा मायक्रोमीटर काय करणार? तो तर खरं सांगतोय, की शाफ्ट आत्ता जाड आहे. आत्ता!"

राजगोपालांचा चेहरा लाल झाला. आणि मराठी बाहेर आलं. "मला शिकवता काय? पोलाद फुगतं हे मला माहीत नाही? अहो, एवढी थंड खोली आहे, आत आला की थंड होतो शाफ्ट!"

"किती वेळात?"

"पाच मिनिटांत!"

"पंधरा किलोचा शाफ्ट? पाच मिनिटांत तर माझी कॉफी पण गार होत नाही."

सुब्बा खोकला. हसू दाबायला खोकला, हे राजगोपालांनाही कळलं. ते आणखी लाल झाले.

"सरी, ठीक आहे! सिद्ध करा."

"तुम्हीच करा," राजसबाई म्हणाल्या. "मी हातसुद्धा लावणार नाही. हा फुली मारलेला शाफ्ट इथेच ओट्यावर राहील. दर तासाला सुब्बा मोजेल. तुम्ही बघाल. आणि बघितलं म्हणून सही कराल."

"सही कशावर?"

त्यांनी पिशवीतून ते सर्टिफिकेट काढलं आणि उलटं करून ओट्यावर ठेवलं. मागची बाजू कोरी. "यावर. तुम्हाला माझी सही हवी होती ना? मग मलाही तुमची द्या."

आधी नवा मायक्रोमीटर ठोकळ्यांवर तपासला, तोही सुब्बानेच. चूक निघाली तीन मायक्रॉन. "तीन चुकतो," राजसबाईंनी स्वतःच मोठ्याने सांगितलं. "लिहा." मग दहा वाजता पहिलं रीडिंग. ड्रॉइंगप्रमाणे शाफ्ट नव्वदच्या वर जाता कामा नये आणि नव्वदच्या खाली वीस मायक्रॉनपर्यंत चालतो. सुब्बाने वाचलं. नव्वदच्या वर बारा मायक्रॉन. रद्द. राजगोपालांनी सही केली, रागाने, पेन असं दाबून की कागद फाटता फाटता राहिला.

अकरा वाजता वर चार. सही.

बारा वाजता सुब्बाने वाचलं, आणि परत वाचलं, आणि मग मायक्रोमीटर काढून डोळे चोळून तिसऱ्यांदा वाचलं. "सार... नव्वदच्या आत. एक खाली."

राजगोपाल पुढे आले. स्वतः वाचलं.  त्यांनी सही केली.

जेवणाची शिटी झाली. राजसबाई तिथून हलल्या नाहीत. दाराबाहेर पायरीवर बसून दहीभात खाल्ला, अर्धा वडुमांगा सुब्बाला दिला. तो म्हणाला, "अम्मा, हा शाफ्ट आम्ही रोज परत घासायचो. घासून घासून बरोबर करायचो. मग रात्रभर थंड झाला की..."

"की बारीक व्हायचा. आणि कायमचा भंगारात."

 सुब्बा म्हणाला, "मी मायक्रोमीटरला शिव्या दिल्या अम्मा. वर्षभर."

"मग आता त्याची माफी माग," राजसबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

एक, दोन, तीन. राजगोपाल प्रत्येक तासाला येत होते. आधी ऑफिसातून यायचे, नंतर नंतर तिथेच स्टूल ओढून बसले. एकदा त्यांनी मायक्रोमीटरची कमान नुसत्या हातात घट्ट धरली. राजसबाईंनी आपला रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला, कमानीभोवती गुंडाळला. हातसुद्धा गरम असतो हे त्यांना सांगावं लागलं नाही. चार वाजता सात मायक्रॉन खाली. पाच वाजता परत सातच. शाफ्ट आता सरकत नव्हता. निजला होता जणू.

सकाळी फुली मारलेला शाफ्ट चोख होता. अगदी चोख. सकाळी परत घासला असता तर भंगारात गेला असता.

आठवी सही केली आणि राजगोपाल तसेच बसून राहिले. मग म्हणाले, मराठीत, आवाज अगदी खाली गेलेला, "ही खोली मी मागून मागून घेतली हो. सगळ्यांना सांगितलं, याने रद्द होणं थांबेल. आता वर जाऊन काय सांगू? खोलीनंच वाढवलं?"

राजसबाईंना दिवसभर त्यांचा राग आला होता. सकाळपासून त्यांनी मनात सतरा वाक्यं जुळवून ठेवली होती, एकेक मिरचीसारखं. पण समोर तो माणूस त्या ओट्यावर हात ठेवून बसलेला, आणि त्यांना आपली आतली खोली आठवली, किल्ली आठवली.

"खोली चांगली आहे," त्या म्हणाल्या. "अशी खोली माझ्याकडे असती तर मी घरीच गेले नसते. फक्त आलेल्याला बसू द्या. पाहुणा उन्हातून आला की आपण आधी पाट देतो, पाणी देतो, मग विचारतो कसं काय. शाफ्ट आज आला तर उद्या मोजा. संध्याकाळचे ट्रे इथे आणून ठेवा, सकाळी मोजा. वर जाऊन सांगा, खोली वापरायची पद्धत सापडली. खोटं नाही ते."

राजगोपालांनी मान वर केली. "आणि एक मायक्रॉन?"

"तुमचा शाफ्ट वीस मायक्रॉनपर्यंत चालतो. मी पाचवर सही देत्ये. तेवढं पुरतं तुम्हाला. एक पाहिजेच असला तर ही खोली एका डिग्रीच्या आत ठेवा, तुमचा हात बाहेर ठेवा, श्वास बाहेर ठेवा, आणि मायक्रोमीटर दुसऱ्या कुणाकडून घ्या, माझ्याकडे तो बनत नाही. पण जो देतो म्हणेल ना, त्याला आधी विचारा, की बाबा, तू कशावर मोजलंस?"

बाहेर सुब्बा दारावर तमिळमध्ये पाटी लिहायला बसलाच होता. गरम शाफ्ट मोजू नये. अक्षर वाकडं होतं, पण खडू त्याने असा दाबला होता की पाटी पुसली तरी दिसावं.

बुधवारी सकाळी प्रतापसिंह राव वर्कशॉपच्या दारातच उभे. "काल कुठे होतीस? जनकोजीला मी आत बसवला होता, त्यानं दोन ठोकळे खाली पाडले!" मग राजसबाईंच्या हातातला कागद बघून चेहरा खुलला. "आणलंस सर्टिफिकेट? सही केलीस?"

राजसबाईंनी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. रावांनी बघितलं. एक मायक्रॉनची ओळ, खाली सहीची जागा मोकळी.

"अक्का! ही तर रिकामीच!"

"उलटा करा राव."

रावांनी उलटा केला. दहा वाजता, अकरा वाजता, बारा वाजता, आठ रीडिंग आणि आठ सह्या, सगळ्यात वरची कागद फाडणारी, सगळ्यात खालची शांत, गोल, आणि तिच्याखाली राजगोपालांच्या अक्षरात एक ओळ. साठ मायक्रोमीटर, अचूकता पाच मायक्रॉन, मागच्या बाराबद्दल तक्रार नाही.

रावांनी एकेक सही बोटाने मोजली. मग जनकोजीला हाक मारली आणि सांगितलं, "आतली किल्ली अक्काला दे. आणि तो टाइपरायटर आण. पाच टाइप कर. पाच! कळ्ळं की?"

तो उलटा कागद रावांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला, मागची बाजू वर करून. पुढे कुणीही गिऱ्हाईक आलं आणि अर्धा मायक्रॉन, पाव मायक्रॉन असं काही बोलायला लागलं, की राव काचेवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "आमच्या अक्काला एक दिवस पाठवतो तुमच्याकडे. जेवणाचा डबा ती घेऊन येईल. तुम्ही फक्त पेन तयार ठेवा."

आणि राजसबाई खरंच जायच्या.